हात न लावता

मे महिना. अशोक चौकात रात्रीचे साडेअकरा,
आणि गच्चीवर दोन बादल्या ओतूनही
फरशी तळव्याला चटका देते.
लॅपटॉपखाली ओला पंचा घालून
मी गुरूच्या एका चंद्राचा ताप मोजतेय.

आयो. पिवळट, करपल्या पापडासारखा.
यान त्याच्या जवळून एकदाच गेलं, घाईत,
आणि डोळ्याला न दिसणारा उजेड टिपून
चौकोनांची एक जाळी पाठवून दिली.
एकेका चौकोनात अख्खं सोलापूर मावेल,
विडी घरकुलापासून विजापूर रोडपर्यंत.

एका चौकोनात लाव्ह्याचं तळं आहे.
काठाशी पांढरं लखलखीत कडं,
मध्ये गोठलेली काळी साय.
मी तीन महिने कडंच मोजत होते.
तेच दिसतं ना.

नायना पलीकडे सतरंजीवर जागेच.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये रंगमास्तर.
बॉयलरचा काटा मेलेला असायचा, तेव्हा
पंजा उलटा करून वीतभर लांब धरायचे
आणि म्हणायचे, अजून दहा मिनिटं.
हात लावला की मोजता येत नाही, येमूलांची पोर,
नुसतं भाजतं.

"किती निघाला?"
मी आकडा सांगितला. कडं दाखवलं.
ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले,
चष्मा नव्हता, तरी.
"भट्टीचं दार उघडलं की
नवीन पोरं दाराकडेच बघायची.
पण कारखाना तापायचा भिंतींनी.
दिवाळीला बंद केला, तर तिसऱ्या दिवशीसुद्धा
पाठ टेकवत नव्हती.
ह्या काळ्याचं काय धरलंस?"

काहीच नाही, नायना.
काळ्याचा उजेड लांबच्या लहरींत जातो,
तिथवर ह्या कॅमेऱ्याची नजर पोचत नाही.
"मग अंदाज कर. केवढं आहे ते?"

केवढं. कड्यापेक्षा शंभरपट पसरलेलं.
थोडं थोडं तापलेलं, सगळीकडून, सतत.

पहाटे तीनला बेरीज आली:
आधीच्या आकड्याच्या कितीतरी पट,
आणि त्यातलं बहुतेक त्या सायीचं.
खाली प्रामाणिकपणे लिहिलं:
अधिक-उणे चाळीस टक्के.

नायनांना वाचून दाखवलं तर हसू आवरेना.
"चाळीस! एवढ्या चुकीत
माझ्या लाल चादरी गुलाबी निघाल्या असत्या,
आणि शेठनं मला त्यांतच गुंडाळून घरी धाडलं असतं."

मग कुशीवर वळले,
कठड्यापासून जरा लांब सरकून.
भिंत अजून गरम होती.