दोन बोटं माया

जर्सी माझ्याकडे सोमवारी यायच्या,
पोत्यात, घामाने ताठ, कधी कॉलरवर रक्त.
सस्कॅचेवानातला हिवाळा असा
की गाडीतून दारापर्यंत आणेस्तोवर
बाह्या लाकडासारख्या वाजत.

माझं काम पाठीवर नाव शिवायचं,
आणि संघातून कुणाला काढलं की
तीच अक्षरं ब्लेडने उसवायची,
कापडाला न दुखवता.
सामन्याला जाताना पोरांना कोट-टायची सक्ती,
म्हणून शर्टही माझ्याकडेच.

लेलंड फ्रीसन आला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
बाप मेनोनाइट, डुकरं पाळायचा,
हॉकीला पाप म्हणत नसे, पण बघायलाही आला नाही.
वहीत आहे: सप्टेंबर, गळा पंधरा.
टेपने गुदगुल्या होतात म्हणून मान चोरून हसला होता.
नोव्हेंबर, सोळा.
फेब्रुवारी, साडेसतरा,
आणि हसणं बंद. खांद्यांवर लाल पुरळ,
टेप नुसती टेकली तरी कळवळायचा.

चौथ्या फळीतला पोरगा.
रात्रीतून सहा मिनिटं बर्फावर
आणि पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत,
हातमोजे टाकून कुणाला तरी झोडपल्याबद्दल.
तेवढ्यासाठी लोक उठून उभे राहायचे.
गोल झाला तरी इतके नाही.

मी विचारलं नाही.
प्रशिक्षक म्हणायचा, पोरगा भरतोय.
मालक म्हणायचा, भरतोय.
बाटलीत लघवी मागणारी माणसं असतात म्हणे मोठ्या शहरांत.
आमच्या गावापर्यंत रस्ता होता,
ती आली नाहीत.

लाँड्रीवाली हायके मात्र बघत असे.
ती लाइपझिगची. तेराव्या वर्षी पोहायची,
रोज सकाळी तलावाच्या काठावर एक निळी गोळी,
तिला जीवनसत्त्व म्हणायचे.
पदकं दोन. कुठे ठेवलीत, कुणाला ठाऊक.
फोनवर अजून तिला लोक "हो, सर" म्हणतात,
ती दुरुस्त करत नाही.
ड्रायरमधून त्याचा टीशर्ट काढताना म्हणाली,
"मला कुणी सांगितलं नव्हतं गं. याला माहीत आहे.
कुणाचं बरं?"

मला उत्तर आलं नाही. मी बटणं मोजत बसले.

माझ्या हातून झालं ते एवढंच:
मार्चमध्ये त्याचा नवा शर्ट शिवताना
शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडली.
त्याने मागितली नव्हती.
पुढच्या महिन्यात लागेल, हे मला कळत होतं.
मापात पाप म्हणतात ते कमी देणाऱ्याचं.
जास्त देणारीच्या पापाला शब्द आहे का?

मोठ्या संघाने त्याला नेला, अकरा सामन्यांपुरता.
बारमधल्या टीव्हीवर आम्ही त्याची पाठ पाहिली.
नाव छापील होतं. टाका एकही नाही.

परवा आला. बत्तीस वर्षांचा.
हातात काळा कोट, बापाच्या दफनासाठी.
"आत घ्या," म्हणाला, "सगळीकडून."
टेप धरली तर कुणाचा तरी हात थरथरत होता,
त्याचा किंवा माझा.
छातीशी डावीकडे, कातडीखाली,
काड्यापेटीएवढं काही टणक लागलं.
"ते मोजू नका," म्हणाला,
आणि मान चोरून हसला.

कोट आत घेतला.
उरलेली माया कापली नाही, दुमडून आतच ठेवली.
नवं पान काढवेना.
जुन्याच पानावर, साडेसतराच्या खाली लिहिलं:
साडेचौदा.