जवळची

आज बरण्या एकवीस आल्या.
एक लोणच्याची, झाकणाला अजून मेथीचा वास,
आत नुसतंच सलाईन.
तुकडा आधी फॉर्मालिनच्या हवाली केला,
मग वहीत लिहिलं : कुंभारी, स्त्री, चोपन्न,
जिभेची उजवी कड.
नाव लिंगव्वा मादगुंडी.

माझा बाप साखर पेठेत मागावर होता.
चादर उतरली की मधली फुलं बघायचाच नाही,
अंगठा आधी किनारीवरनं फिरवायचा.
"फुलं गिऱ्हाईक बघतंय," म्हणायचा,
"फाटतंय ते कडेनं."

हत्तुरे मॅडमही कडेपासूनच सुरू करतात.
वरच्या कडेला निळी शाई, खाली काळी,
घशाच्या बाजूला हिरवी.
शाई सुकेपर्यंत चहा नाही, बोलणं नाही.
मग सुरी.

रात्रभर यंत्रात अल्कोहोल, झायलीन, मेण.
सकाळी मेणाची वडी, पोटात नखाएवढं मांस.
एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
सोलापुरात मेणालाही घाम फुटतो,
म्हणून बर्फाच्या ताटात वड्या पालथ्या घालतो
गारेगारवाल्यासारख्या,
आणि चाक फिरवतो. चार मायक्रॉन :
एक केस उभा चिरून वीस जणांत वाटावा, तेवढं पातळ.
रिबीन कोमट पाण्यावर पसरते.
मी श्वास धरून उभा.
इथं फुंकरीनंही निदान उडून जातं.

काचेवर उचललेलं काही दिसत नाही,
रंगात बुडवल्यावर दिसतं. जांभळं, गुलाबी.
आजोबा रंगाच्या हौदात सूत बुडवायचे,
त्यांची नखं सरणावरही निळी होती.
माझी गुलाबी.
शाळेच्या पुस्तकात ह्याला ऊती म्हटलं होतं.
तो शब्द विणकामातनं आलाय
हे कळलं तेव्हा घरात सांगायला
मागवाला कुणी उरला नव्हता.

दुपारी मॅडम भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या,
"घशाकडची कड. अजून खोल जा."
गेलो.
"अजून."
वडीत आता तांदळाच्या कणीएवढं उरलेलं.
जास्त कापलं तर पुरावा संपतो,
कमी कापलं तर शंका उरते;
किती, ते हाताला कळावं लागतं,
आणि हाताला नेहमी कळतंच असं नाही.
पाचव्या पातळीला थांबलो.

दोन डोक्यांच्या सूक्ष्मदर्शकाशी दोघं बसलो.
विस्कटलेली, गाठी पडलेली वीण,
मग अचानक साधा सरळ पोत,
मग हिरवी शाई.
मधलं अंतर मॅडमनी दोनदा मोजलं.
दीड मिलिमीटर.
"मोकळी लिहू?"
"मोकळी नाही," त्या म्हणाल्या. "जवळची.
लिही, कड जवळची."

तीन आठवड्यांनी ती खिडकीशी आली.
पदराआड जाडावलेले शब्द,
लेक ते सोडवून सांगत होती :
"आई म्हणतीय, तिचा तुकडा द्या.
अंगातलं हाय, मातीत जाऊ द्या."
मी नियम सांगितला. उरलेला तुकडा जाळायला गेला,
वडी मात्र आम्ही दहा वर्षं सांभाळतो.
लिंगव्वानं बोटांवर मोजलं,
विड्या वळून वळून चपटी झालेली बोटं,
हजाराचा हिशोब न चुकणारी.
दहापर्यंत सावकाश गेली.
मग हसली, आणि लेकीची वाट न बघता
अर्ध्या जिभेनं म्हणाली,
"म्हंजी माज्यापरास तिचीच ग्यारंटी जास्त की ओ."

ह्याला काय म्हणायचं, मला सुचलं नाही.
रांगेतला मागचा माणूस पावती पुढे करत होता.

संध्याकाळी तिची वडी खणात ठेवताना
अंगठा आपसूक कडेवरनं फिरला.
गार मेण. गुळगुळीत.
दीड मिलिमीटर अंगठ्याला लागत नाही.