अर्धं छप्पर

एप्रिलात, दुपारी अडीचला, नादोड्यात
दुर्पती हळणकरांच्या पत्र्याखाली बसले होते मी.
मांडीवर फॉर्म, हातात खात्याचा थर्मामीटर.
बाहेर छत्तीस. आत एकेचाळीस.
म्हणजे पाच माझ्या घरचे, ती म्हणाली.

मी कंत्राटी, अकरा महिन्यांची.
शिकवलं होतं तसं वाचून दाखवलं:
उत्पन्नाचा दाखला असेल तर चार दिवे फुकट,
पंखा अर्ध्या किमतीत, जुना जमा करायचा,
आणि छपराला पांढरा रंग, ऊन परतवणारा,
मजुरीसकट.

दिवे तिने कानाजवळ धरून हलवले,
नारळ घेताना हलवतात तसे.
पाणी नाही यात, म्हणाली, आणि ठेवून घेतले.

पंख्याला वेळ लागला.
खाली उतरवला तेव्हा एकोणीस वर्षांची काजळी,
आणि काजळीखाली, एका पात्यावर
खिळ्याने कोरलेलं नाव: नितेश.
मुलगा कतारात असतो, दुसऱ्यांचे एसी साफ करतो.
तिने पातं पदराने पुसलं,
नाव काही गेलं नाही, तशीच पावती घेतली.

मग छप्पर. रकाना सात: घर कुणाच्या नावावर?
आम्ही मुंडकार, ती म्हणाली.
भिंती आमच्या, जमीन भाटकाराची,
आणि भाटकार लिस्बनात.
त्यांच्या नाहरकतीशिवाय ब्रश लावता येत नाही, मी म्हटलं.
ती रागावली नाही. पत्र्याकडे बघत राहिली.
बरं मग, ऊन कुणाच्या नावावर आहे तेवढं बघ तुझ्या कागदात,
त्याची सही आणते.

नवव्या दिवशी फोनवर भाटकाराच्या लेकीचा आवाज,
अर्धा कोंकणीत, अर्धा पोर्तुगीजमध्ये:
मारा की रंग. आणि बायला सांगा,
यंदा सोलं दोन किलो जास्त ठेव.
कार्यालयाला आवाज चालत नाही.
मग तिने चिठ्ठी लिहून फोटो पाठवला,
तो मी म्हापशात छापून घेतला, पाच रुपये, माझे.

डबा उघडला त्या सकाळी
दुर्पतीबाय शिडीला हात धरून उभी:
झोपतो ती बाजू रंगवा. चुलीकडची नको.
का?
सोलं कुठे वाळत घालू?

हे कुणीच विचारलं नव्हतं, सर्वेक्षणातसुद्धा.
दर मे महिन्यात त्याच तापल्या पत्र्यावर
भिरंडांच्या साली काळ्या पडेपर्यंत वाळतात,
म्हापशाच्या शुक्रवारी विकल्या जातात,
आणि त्यातूनच सुटतं वीजेचं बिल.

साहेब म्हणाले, अर्ध्या छपराला रकाना नाही.
पूर्ण लिही, नाहीतर शून्य.
मी पूर्ण लिहिलं.
उरलेला रंग शेजारच्या इनासच्या
डुकरांच्या खोपीवर गेला.
डुकरं आता खूश आहेत म्हणे,
त्यांना दाखला लागला नाही.

पाऊस यायच्या आधी पुन्हा मोजायला गेले.
बाहेर पस्तीस. खाटेपाशी सदतीस.
चुलीपाशी चाळीस.
अजून दोन आहेतच माझे, ती हसली.
बिल किती उतरलं, विचारावं लागतं.
त्रेसष्ट रुपये.
आणि नव्या पंख्याचा आवाजच येत नाही,
रात्री उठून हात वर करून बघावं लागतं
फिरतो का. हे लिही, म्हणाली.
मी लिहिलं.

निघताना वर्तमानपत्रात बांधून सोलं दिली.
नको म्हणायचं असतं, नियम आहे.
कोलवाळच्या पुलावर पोचेपर्यंत
पुडीतून रस उतरला, फाइलमध्ये,
थेट शेरा लिहायच्या चौकटीत,
जांभळट लाल, नाण्याएवढा.

साहेबांनी कागद नाकाशी नेला.
खूप वेळ काही बोलले नाहीत.
मग हळूच विचारलं,
मीठ लावलेली आहेत का ग, की साधी?