कापडी टप

हळदोण्याच्या बेर्नार्देत बायच्या गाडीचा टप
पत्र्याचा नाही, कापडाचा आहे,
म्हणून मला बोलावलं. म्हापशाच्या बाजारात
गॅरेजवाले पुष्कळ, छत्रीवाला मी एकटाच उरलोय.

चार महिने गाडी बदामाखाली उभी.
वटवाघळांनी वर बसून जेवल्याचे जांभळट डाग,
शिवणीत शेवाळ, आणि मागच्या घडीत,
खरंच सांगतो, बोटभर पिंपळ.
तो ओला करून, मुळं सैल होईपर्यंत थांबून काढला.
पिंपळ तोडायचा नसतो, हे बापाचं.
कापड ओढायचं नसतं, हेही बापाचंच.

भाच्यानं लिस्बनहून दोन बाटल्या पाठवलेल्या:
एक धुण्याची, एक राखणीची.
बाय पायरीवर बसून पोर्तुगीज वाचते,
मला कोंकणीत सांगते,
मी मनात मराठी करतो,
तोवर फेस वाळायला लागतो.
"चड घासूं नाका," ती म्हणते.
एवढं मला बाटलीशिवायही कळतं.

मऊ कुंचला. लवेच्या दिशेनं, पुढून मागे,
मांजर कुरवाळावं तसा.
पाइपाची धार नको, तांब्यानं पाणी.
पहिलं पाणी काळं, दुसरं चहासारखं,
तिसरं पेजेच्या निवळीसारखं. तिथे थांबायचं.

आता दिवसभर, रात्रभर सुकायला हवा.
राखणीचं औषध ओल्यावर बसत नाही,
आणि ओला टप मिटला
तर आपणच बुरशीला अंथरूण घालून दिल्यासारखं.
पण आज नरकासुराची रात्र.
चौकात पोरांनी वीस फुटी उभा केलाय,
पोटात गवत आणि फटाके,
गाडीपासून चाळीस पावलांवर.
गाडी आत जाईना, तिच्या जागेवर
पियानो आहे आणि भाताची पोती.
ताडपत्री टाकावी, तर ओल कोंडते.

मग मी म्हापशाला जाऊन आलो.
दुकानाच्या माळ्यावर बापाच्या वेळच्या छत्र्या,
दुरुस्त झालेल्या, कुणी न्यायला न आलेल्या.
सुती, काळ्या. चौदा आणल्या,
बांबूंना बांधल्या टपाच्या हातभर वर,
खालून वारा फिरेल अशा.
चौदा म्हातारे एकाच मयताला आल्यासारखे दिसत होते.
पोरं येऊन हसून गेली.

पहाटे तो जळाला.
दंव छत्र्यांवर पडलं, राखही.
एका छत्रीला मिरीएवढं भोक.
म्हणजे माझं काम मलाच.

दुपारी, उन्हाचा चटका उतरल्यावर,
काचांना वर्तमानपत्रं चिकटवून
दुसरी बाटली फवारली. दोन हात, मध्ये तासभर.
मग पेलाभर पाणी ओतून पाहिलं.
थेंब तसेच उभे, आत जायची वाट विसरलेले.
अळवाला जे आयतं मिळालंय
ते कापडाला विकत घ्यावं लागतं.

छत्र्या मिटायला बाय मदतीला आली.
वेताच्या मुठीची एक हातात घेतली
आणि मिटलीच नाही.
मुठीवर चाकूनं कोरलेली दोन रोमी अक्षरं.
"ही कुस्तोदियोची," ती म्हणाली,
"हिच्यापायी बावीस वर्षं बोलत नाही तो माझ्याशी.
म्हणे मिसानंतर मीच उचलली."
आत शिवलेल्या चिठ्ठीवर बापाचं अक्षर:
दोन काड्या, एक टोपी. बारा रुपये येणे.

टपाच्या पैशांत तिनं चार वेळा घासाघीस केली,
हे बारा मात्र मुकाट मोजून दिले.
छत्री मधल्या भिंतीवर अडकवली,
मूठ पलीकडे करून,
आणि गेली आत चहा टाकायला.

मी काचांवरची वर्तमानपत्रं सोलत राहिलो,
हवी त्यापेक्षा जरा सावकाश,
पलीकडचं दार करकरतं का, ते ऐकत.