पाच मार्कांचा प्रश्न

मंगळवारी सातला, घोरपडीच्या चर्चमागे,
संडेस्कूलच्या बुटक्या बाकांवर
आम्ही गुडघे दुमडून देवशास्त्र शिकतो.
ओहोळकाका खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाले,
पण ईयोबाच्या वतीने त्यांचं भांडण
अजून चालूच.

आज फळ्यावर: कृपा.
मूळ ग्रीक शब्द, खाली तीन व्याख्या.
सलोमीबाई उबाळे ससूनची ड्यूटी करून आलेल्या,
दुसऱ्या व्याख्येलाच वहीवर डोकं टेकून झोपल्या.
सरांनी आवाज खाली आणला.
तिसरी व्याख्या
खडू न वाजवता लिहिली.
काकाही गप्प.

फाटक पडायच्या आत निघायचं, म्हणून मी हलवलं.
"काय झालं गं आज?"
"कृपा. परीक्षेला आहे."
"बुडालं की मग माझं," म्हणाल्या,
गालावर वहीच्या तारेचे वळ.