विक्रीनंतरची सेवा

उद्यमनगरात माझ्या टेबलाला दोन ड्रॉवर होते.
उजव्यात शिक्के, सुपारी, कार्बन पेपर.
डाव्यात एकच फाईल,
तिच्यावर माझ्या अक्षरात: विक्रीनंतरची सेवा.

त्या देशाला कुणी काही विकायचं नाही
असं जगानं ठरवलेलं.
औषधं, गहू, पाण्याचे पंप तेवढे चालतील,
आणि त्यांचे पैसे त्यांच्याच तेलातून,
मोजून, सगळ्यांच्या देखत.
तेल उचलणारे कुठले कोण. आम्ही फक्त
पंपाची केसिंग ओतणारे.

दुबईच्या एजंटचा फॅक्स आला:
कोटेशन दहा टक्के वाढवा,
वाढलेलं अम्मानच्या खात्यावर परत.
आमचे मालक बाळगोंडा मगदूम,
दिवस मावळल्यावर न जेवणारे,
मुंगी दिसली तर पाऊल हवेत धरणारे,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"नेजदार, ह्याला वहीत काय म्हणायचं ओ?"

नाव मी सुचवलं.
हे मी आजवर घरी बोललेलो नाही.

शिकलगार मिस्त्री प्रत्येक केसिंग हातोडीनं वाजवून घ्यायचा.
चांगला ओतीव घंटेसारखा बोलतो,
आत पोकळी असली की खोकतो.
त्या लॉटमधल्या अकरा खोकल्या.
"भट्टीत परत टाकूया," तो म्हणाला.
वरनं निरोप आला: लांबी भरा, रंग मारा.
एजंटनं आणि तीन टक्के आपल्यातनं काढल्यात,
कुठंतरी वाचवायला पायजे का नको?
हिरवा रंग वाळेपर्यंत
शिकलगार बाहेर उन्हात बसून राहिला,
हातोडी मांडीवर.
खोक्यांवर स्टेन्सिल मारलं: पिण्याच्या पाण्यासाठी.

पाना घेऊन तिकडं कधी कुणी गेलं नाही.
कुठल्या गावात ते पंप बसले,
बसले का,
पहिल्या उन्हाळ्यात लांबी सुटली का,
आणि नळाखाली घागर ठेवून कोण उभं राहिलं,
याची नोंद करायला वहीत रकानाच नव्हता.
मी काही रकाना आखला नाही.

त्या दिवाळीला दोन पगार बोनस.
मी एम-एटी घेतली.
बायको मागं, पोरगी पुढं टाकीवर,
कात्यायनीला जाऊन आलो.
पंपावरचा पोऱ्या म्हणाला, झिरो बघा.

बऱ्याच वर्षांनी चौकशीची यादी निघाली.
दुधाची पावडर विकणारे तिच्यात होते,
ट्रकवाले, इस्पितळाच्या खाटा करणारे,
तेल एका बंदरात घेऊन दुसऱ्याच नावानं उतरवणारे,
आणि ज्या देशांनी बंदी घालताना
सगळ्यात लांब भाषणं केली
त्यांचीच पानं सगळ्यात जास्त.
मगदूमांच्या मुलानं बोट ठेवून आपलं नाव शोधलं.
एक अक्षर चुकलेलं.
म्हातारे हसले: "नाव चुकलंय, म्हंजे आपण न्हवं."
मग जरा वेळानं, कुणी न विचारता,
"आणि एवढ्या लोकांनी केलं, की ती रीतच झाली की रे."

मी यादीत नाही. शिकलगारही नाही.
तो पुढं बहिरा झाला, भट्टीवरच्या माणसाचं होतं तसं.
बिंदू चौकात भेटला एकदा,
चहाचा काचेचा ग्लास नखानं टिचवून
कानाशी धरला त्यानं,
आणि माझ्याकडं बघितलं.
मी मान हलवली, चांगलाय म्हणून.
ऐकलं नव्हतं मी.

परवा शिरोली नाक्यावर गाडीत तेल भरायला थांबलो.
"काका, झिरो बघा."
बघितला.
मग आकडे पळायला लागले,
आणि डोकं माझं, जुन्या सवयीनं,
प्रत्येक आकड्याचे दहा टक्के काढत राहिलं.
पोऱ्यानं नळी काढली, दोन थेंब फरशीवर पडले,
सप्तरंगी पसरले.
"पावती पाहिजे?"
नको, म्हणालो.