चाळीस पावलांचा बांध

आगरवाड्याच्या शाळेत सातवीला गणित म्हामल सरांकडे.
फळा डावीकडे तडकलेला,
म्हणून त्यांची समीकरणं थोडी उजवीकडून सुरू व्हायची.
कुष्टा गडेकरचा हात सगळ्यांआधी वर.
"खाली घे रे," सर म्हणायचे,
"उत्तर कुठे पळून जात नाही."

त्या दिवशी त्यांनी विचारलं:
चाळीस पावलांचा बांध आहे. चार काटकोन.
कसा घातला तर आत जास्तीत जास्त मीठ पिकेल?
"आकडेमोड नको अजून. आधी पैज लावा."

मी म्हटलं, लांबट.
आमचं मिठागर लांबट होतं
आणि बाबा काही चुकायचे नाहीत.
सरांनी 'लांबट' फळ्यावर लिहिलं, माझ्या नावासकट,
नि तास संपेपर्यंत पुसलं नाही.
त्यांच्या तासाला खोडरबराला बंदी.
चुकलं तर एक आडवी रेघ, बस.
"खालचं वाचता यायला हवं.
कुठून आलीस ते उद्या तुलाच विचारायचंय."

दहा नि दहा: शंभर.
अकरा नि नऊ: नव्व्याण्णव.
बारा नि आठ: शहाण्णव.
तेरा नि सात: एक्याण्णव.
लांबट हरलं. कुष्टा हसला. घंटा झाली.

वही मिटता मिटता दिसलं:
शंभरातून गळालं किती?
एक. चार. नऊ.

धावले सरांच्या मागे. वाटलं, शाबास म्हणतील.
ते सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "पुढे?"
"सोळा."
"वाटतं, की बघितलंस?"
चौदा सक चौऱ्याऐंशी. "बघितलं."
"नेहमीच?"
"हो."
"का?"
आणि गेले, खाडीच्या बाजूने, पॅडल करकरवत.

तो 'का' चार दिवस माझ्या ताटात जेवला.
चिडून मी एकोणीस नि एकापर्यंत
साऱ्या जोड्या मांडल्या.
सगळ्या खऱ्या निघाल्या,
आणि 'का' होता तिथेच.

मोठं सुचेना तेव्हा लहान केलं.
गोणपाटावर मीठ पसरलं,
दहा बोटं लांब, दहा बोटं रुंद.
वरची तीन बोटांची पट्टी फूटपट्टीने कापली,
ढकलत बाजूला आणून उभी लावली.
बसली. पण पुरी नाही.
वर एक तुकडा डोकावत राहिला,
तीन बोटं नि तीन बोटं,
त्याला टेकायला खाली काही नव्हतं.

"कितें करता गो?" बाबा, फावडी खांद्यावर.
"कोपरा उरतो."
त्यांनी वाकून पाहिलं.
"उरतलोच. बाजू आंखूड जाली न्हय?"

चौथीत शाळा सोडलेला माणूस.
मी बराच वेळ त्या नऊ बोटांच्या मिठाकडे बघत बसले.
मग आठवलं. "मग आपलं आगर लांबट कशाला?"
ते हसले. "फावडीचा दांडा केवढा?
मधलं मीठ ओढायला तू जाशील, चिखल तुडवत?"

सोमवारी सरांना सगळं सांगितलं, दांड्यासकट.
त्यांनी माझी वही उघडली,
'लांबट'वरच्या रेघेखाली बोट ठेवलं,
"हे चुकलं नव्हतं. प्रश्न दुसरा होता."
आणि वही परत देता देता,
"कोपरेच नसतील तर?"

घरी जाताना बांधावर
मी टाच रोवून गोल फिरत होते,
दप्तर खाली टाकून,
चाळीस पावलं मोजत,
आणि दर वेळी कुठेतरी चुकत.